मागावरची जुनी डिझाईन्स सगळ्यांसाठी खुली करायची का, आणि कुठल्या अटीवर?

होटगीरोडकर

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितो, कारण विषय जिव्हाळ्याचा आहे आणि तुमची खरी मतं हवीयत. आम्ही काही मित्र मिळून सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमागवाल्यांकडे पडून असलेले जुने ग्राफ गोळा करून स्कॅन करतोय. ज्यांनी माग जवळून बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, चादरीवरचा मोर आधी चौकटीच्या कागदावर उतरतो. चौकोन रंगवलेला म्हणजे तिथला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा वर, रिकामा म्हणजे खाली. तो ग्राफ समोर ठेवून पुठ्ठ्याची कार्डं पंच करायची, बाण्याच्या, म्हणजे आडव्या, एका धाग्याला एक कार्ड, भोक असेल तिथला हुक उचलतो, नसेल तिथला बसून राहतो, आणि अशी शेकडो कार्डं दोरीने एकामागे एक ओवून जॅकार्डवर, म्हणजे मागावरच्या कार्डं वाचणाऱ्या यंत्रावर, चढवायची. आता कितीतरी कारखाने बंद झालेत, काहींनी इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड घेतलं, कार्डं रद्दीत गेली आणि ग्राफ माळ्यावर. परवा एका घरी गुंडाळी उलगडली तर मधला मोर वाळवीने नेलेला, कडेची वेल तेवढी शाबूत.

माझं म्हणणं असं की हे सगळं नेटवर खुलं ठेवावं. कुणीही बघा, वापरा, बदला, विणा, विका सुद्धा. अट दोनच, मूळ कुणाचं ते नाव द्यायचं आणि तुम्ही जो बदल कराल तो पण तसाच खुला ठेवायचा. क्रिएटिव्ह कॉमन्सचं बाय-एसए नावाचं लायसन आहे ते हेच सांगतं.

आणि हे मला आपल्या गावासाठी इतकं योग्य का वाटतं, तर जॅकार्ड स्वतःच असं आपल्यापर्यंत आलंय. फ्रान्समधल्या ल्योंचा जोसेफ मारी जॅकार्ड, साल १८०४. त्याच्या आधी १७२५ ला बुशाँ नावाच्या माणसाने भोकं पाडलेला कागद वापरला, मग फाल्कनने कार्डं आणली, म्हणजे जॅकार्डने पण आधीच्यांवरच रचलं. १८०५ मध्ये फ्रेंच सरकारने ते यंत्र सार्वजनिक मालकीचं जाहीर केलं, जॅकार्डला पेन्शन दिलं आणि प्रत्येक यंत्रामागे ठरलेली रक्कम दिली. यंत्र युरोपभर पसरलं. ती कार्डं बघून चार्ल्स बॅबेजने आपल्या ॲनॅलिटिकल इंजिनला, म्हणजे आखलेल्या गणिती यंत्राला, कार्डांनीच हुकूम द्यायचं ठरवलं, आणि एडा लव्हलेसने १८४३ मध्ये लिहिलं की जॅकार्डचा माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे इंजिन बीजगणिताच्या नक्ष्या विणतं. आपण ज्याला प्रोग्राम म्हणतो त्याच्या खापरपणजोबाचं बिऱ्हाड अजून अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चालू आहे, आणि आपल्या पोरांना ते माहीत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर सांगा, करायचं का? विकायला परवानगी द्यायची का?

कांडीवाला

दादा, काम चांगलं करायलाय, त्याबद्दल काही शंका नाही. पण आमच्या बाजूनं पण बघा की ओ. आमचे माग आहेत, तिसरी पिढी. डिझाईन म्हणजे आमच्याकडं काय असतं ठाऊक आहे का, दिवाळीच्या आधी एक नवीन पॅटर्न काढायचा, ग्राफवाल्याला पैसे, पंचिंगचे पैसे, दोन-चार बीम (ताण्याच्या धाग्यांचे रीळ) सँपलमध्ये जातात, मग माल बाजारात. आणि कुणीतरी दुकानात उभारून मोबाईलवर फोटो काढतो आणि पुढच्या सीझनला तोच मोर, तीच बॉर्डर, निम्म्या वजनाच्या चादरीवर, बाहेरच्या राज्यातून येतो आणि वर लेबल 'सोलापुरी'. गिऱ्हाईक दोन धुण्यात फाटली की म्हणतं सोलापुरी चादरीत आता राम राहिला नाही. नाव आमचं खराब व्हायलंय.

तुम्ही म्हणता सगळं उघडं करा. आमचं उघडंच आहे, झाकलेलं राहिलंय कुठं? आता तुम्ही त्याची नीट फाईल करून हातात देणार म्हणजे फोटो काढायचे कष्ट पण वाचले त्यांचे. सॉफ्टवेअरवाल्यांचं जमतं कारण त्यांना पगार दुसरीकडून मिळतो. आमचा पगार त्या चादरीतच आहे.

डेबियनकर

कांडीवाला, तुमचं दुखणं खरं आहे आणि ते बाजूला ठेवून पुढं जाणं बरोबर नाही. मी पुण्यात सर्व्हर सांभाळायचं काम करतो, घर सोलापुरात साखर पेठेत. सॉफ्टवेअरमध्ये हे भांडण चाळीस वर्षांपूर्वी झालंय, म्हणून थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

रिचर्ड स्टॉलमन एमआयटीत होता, तिथं झेरॉक्सने दिलेला एक लेझर प्रिंटर सारखा अडकायचा. आधीच्या प्रिंटरचा कोड, म्हणजे सॉफ्टवेअरची मूळ लिखित सूचना, हातात होता म्हणून त्यात त्याने सोय केली होती की कागद अडकला की लोकांना निरोप जाईल. नव्याचा कोड मागितला तर दुसऱ्या विद्यापीठातला माणूस म्हणाला, देता येत नाही, करार केलाय. त्यातून पुढं १९८३ मध्ये ग्नू हा खुल्या सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर झाला आणि १९८९ मध्ये जीपीएल हे लायसन. त्या लायसनची खरी ताकद फुकट देण्यात नाही, अटीत आहे. माझा कोड घे, विक, पण पुढच्याला देताना कोडसकट दे, कुलूप लावू नकोस. म्हणजे कॉपीराइटचाच कायदा वापरून दार उघडं राहील अशी तजवीज केली.

आता विकायचा मुद्दा. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स हे कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर सोडलं तेव्हा पहिल्या लायसनमध्ये पैसे घेऊन वाटायला बंदी होती. कारण साधं, मी फुकट दिलं तर दुसऱ्याने का कमवावं. पण मग लोक म्हणाले फ्लॉपीचा आणि पोस्टाचा खर्च तरी घेऊ दे, नाहीतर वाटणार कोण. १९९२ मध्ये त्याने ती अट काढली आणि जीपीएल लावलं. त्यानंतर ज्यांनी लिनक्स विकलं त्यांनीच माणसं कामावर ठेवून लिनक्स सुधारलं. म्हणून होटगीरोडकर, 'विकायला बंदी' घालू नका असं माझं स्पष्ट मत. ती घातली की बाहेरचा नकलाकार थांबणार नाही, तो लायसन वाचतच नाही, थांबेल तो आपला सोलापूरचा प्रामाणिक छोटा मागवाला.

कोर्टगल्ली

वकिली करतो म्हणून कायद्याचं तेवढं सांगतो, दोन्ही बाजूंना उपयोगाचं आहे.

डिझाईन्स ॲक्ट २००० खाली नवीन डिझाईन नोंदवलं तर १० वर्षं हक्क मिळतो, पुढे ५ वर्षं वाढवता येतो. पण नोंदणीच्या आधी ते प्रसिद्ध झालं की नवेपणा संपला, मग नोंद होत नाही. दुसरं, कॉपीराइट कायद्याचं कलम १५ बघा. जे डिझाईन नोंदवता आलं असतं पण नोंदवलं नाही, त्याच्या यंत्रावर पन्नासहून जास्त प्रती निघाल्या की त्या डिझाईनवरचा कॉपीराइट संपतो. आपल्याकडच्या जुन्या चादरी हजारोंनी विणल्यात आणि नोंदणी बहुतेकांनी कधी केलेली नसते. म्हणजे कांडीवाला, ज्याला तुम्ही आमचं म्हणताय त्यातलं बरंचसं कायद्याने आधीच सगळ्यांचं झालेलं असू शकतं, कुणाला न विचारता, आणि नावाशिवाय. कागदावरचा ग्राफ हा वेगळी कलाकृती धरायचा का यावर कोर्टात बराच वाद होतो, म्हणून होटगीरोडकर, ज्यांच्याकडून ग्राफ घेताय त्यांची लेखी संमती घ्याच, तोंडी नको.

आणि जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं. 'सोलापुरी चादर' हे नाव १९९९ च्या कायद्याखाली नोंदलेलं आहे. तो हक्क नावाचा आहे, मोराचा नाही. आणि तो एकट्याचा नाही, इथल्या उत्पादकांचा मिळून आहे, कुणाला विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही. बनावट लेबलविरुद्ध खरं हत्यार ते आहे. डिझाईन लपवून लेबलची चोरी थांबत नाही, दोन्ही गोष्टी निराळ्या आहेत, लोक त्यांची कायम गल्लत करतात.

माळरान

मंगळवेढ्याकडचा शेतकरी आहे, माग कळत नाही पण वाटून घेणं म्हणजे काय ते आमच्याइतकं कुणाला कळणार. मालदांडी ज्वारी घ्या. ३५-१ म्हणून जी ओळखली जाते ती आपल्याच मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात इथल्या शेतकऱ्यांच्याच वाणातनं निवडली. कुणा एकाची मालकी नाही, म्हणून घराघरात बियाणं राखलं, शेजाऱ्याला पायलीभर दिलं, पुढच्या साली परत घेतलं, आणि इतक्या वर्षांनी संकरित वाणं येऊन गेली तरी रब्बीला मालदांडी उभी आहे. कायद्यानं सुद्धा, २००१ चा जो वाण संरक्षण कायदा आहे त्याच्या कलम ३९ मधी शेतकऱ्याला बियाणं राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा, विकायचा पण हक्क दिलाय, फक्त ब्रँडचं लेबल लावून विकायचं नाही. गुजरातमधल्या बटाटेवाल्या शेतकऱ्यांवर पेप्सिकोनं केस टाकली होती आणि २०१९ मधी गाजावाजा झाल्यावर मागं घेतली, त्या वेळी याच कलमावर सगळी चर्चा झाली.

पण एक दुसरी बाजू सांगतो जी शहरातले लोक सांगत नाहीत. डाळिंब. भगव्याची गुटी कलमं आम्ही एकमेकांना अशीच दिली, पाव्हण्याला दिली, पाव्हण्याच्या पाव्हण्याला दिली. आणि त्या कलमांबरोबर तेल्या गेला. पानावर तेलकट ठिपका, मग फळाला तडा, उभी बाग काढायची वेळ येते. देणाऱ्याचं मन साफ होतं, कलम साफ नव्हतं. केगावच्या डाळिंब संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ घसा कोरडा करून सांगतात की रोगमुक्त मातृवृक्षाचीच कलमं घ्या. तर वाटा, जरूर वाटा, पण जे वाटताय ते तपासणारा माणूस ठेवा. नुसतं दार उघडं टाकणं म्हणजे वाटणं नव्हे.

डेबियनकर

माळरान, तुम्ही जे तेल्याचं सांगितलं ते आमच्याकडं २०२४ च्या मार्चमध्ये जवळजवळ जसंच्या तसं घडलं. एक्सझेड नावाचं फाईल दाबून लहान करायचं छोटं सॉफ्टवेअर आहे, जगातल्या असंख्य लिनक्स मशीनवर असतं. सांभाळणारा मुख्य माणूस एकटा, फुकट काम करणारा, थकलेला, आणि आपण थकलोय हे त्याने उघड लिहिलेलं. तेवढ्यात 'जिया टॅन' नावाने कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं चांगलं काम केलं, विश्वास मिळवला, चाव्या मिळवल्या आणि मग आत चोरदरवाजा बसवला. पकडलं कुणी, तर आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरने, आणि कसं, तर त्याला सर्व्हरवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्याने ते सोडून दिलं नाही. कोड उघडा होता म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं. पण उघडा होता म्हणून आपोआप कुणी बघत होतं असं नाही, हे पण तितकंच खरं.

त्याआधी २०१४ मध्ये हार्टब्लीड, सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमधली मोठी चूक. ते सॉफ्टवेअर म्हणजे ओपनएसएसएल, ज्यावर जगभरच्या बँकांचे व्यवहार चालायचे, त्याला वर्षाला देणग्या यायच्या दोन हजार डॉलरच्या आसपास. कंपन्यांनी अब्जावधी कमावले आणि राखणदाराला चहापाण्याला पण दिलं नाही. मला या गोष्टीचा राग आहे आणि तो अजून जात नाही. म्हणून होटगीरोडकरांना माझा प्रश्न, लायसन सोपं आहे, एका दुपारचं काम. तीन वर्षांनी तुमचं लग्न होईल, नोकरी बदलेल, त्या वेळी ही फाईलींची थप्पी कोण बघणार?

ग्रंथालयवाली

होटगीरोडकर दादा, मी इथल्या एका खासगी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. माझ्याकडे रोज मुलं येतात, मॅडम हा पेपर हवाय, आणि स्क्रीनवर पैसे भरा असं येतं. पेपर लिहिणाऱ्याला त्याचे पैसे मिळत नाहीत, तपासणाऱ्याला मिळत नाहीत, संशोधनाचा खर्च पुष्कळदा सरकारी, म्हणजे तुमच्या-आमच्या करातला, आणि वाचायला परत पैसे. भौतिकशास्त्रवाल्यांनी पॉल गिन्सपार्गच्या अर्काइव्हमुळे, म्हणजे पेपर फुकट ठेवायच्या जागेमुळे, १९९१ पासूनच यातून बरीच सुटका करून घेतली, बाकीचे अजून अडकलेत.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'एक देश एक सदस्यता' मंजूर केली, तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिकं. सरकारी कॉलेज-विद्यापीठातल्या मुलांना याचा फार मोठा फायदा झाला आणि तो मी नाकारणार नाही. पण योजना सरकारी संस्थांपुरती आहे. माझ्या कॉलेजची मुलगी आणि विद्यापीठातली मुलगी, दोघी एकाच बसने येतात, एकीला पेपर उघडतो दुसरीला नाही. आणि तीन वर्षांनी पैसे थांबले तर दोघींनाही नाही. हे भाड्याचं घर आहे. तेवढ्याच पैशात आपल्याच शास्त्रज्ञांचे पेपर पहिल्यापासून सगळ्यांना खुले राहतील अशी व्यवस्था उभारणं मला जास्त पटतं.

खुलं ठेवल्याने काय होतं त्याचं उदाहरण तर सगळ्यांनी अंगावर काढलंय. जानेवारी २०२० मध्ये शांघायच्या झांग योंगझेन यांनी कोरोनाच्या विषाणूचा जनुकक्रम एडवर्ड होम्स यांच्यामार्फत नेटवर टाकला, आणि त्यानंतर काही दिवसांत, प्रत्यक्ष विषाणू हातात नसताना, लसीची आखणी सुरू झाली. असं टाकायची शिस्त शास्त्रज्ञांनी आधीच लावून घेतली होती, मानवी जनुकांच्या प्रकल्पात १९९६ मध्ये बर्म्युडाला ठरलं होतं की वाचलेला क्रम चोवीस तासांत सार्वजनिक करायचा. आपल्याकडे सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने २००८ मध्ये टीबीच्या औषधासाठी ओएसडीडी (खुल्या पद्धतीने औषध शोधायचा प्रकल्प) सुरू केलं, त्यात कॉलेजची मुलं पण घेतली, टीबीच्या जंतूची जनुकं कोणतं काम करतात त्याच्या नोंदी त्यांनी मिळून लावल्या. टीबीवर मोठ्या कंपन्यांना नफा दिसत नाही, म्हणून तो आजार कुणी सोडवायचाच नाही का? ज्या कामात कुणा एकाचा नफा नाही ते काम वाटून घेतल्याशिवाय होतच नाही, असं माझं ठाम मत आहे.

राखणार कोण, यावर माझं उत्तर, ग्रंथालय. आमचं कामच ते आहे. माणसं बदलतात, रजिस्टर पुढे चालू राहतं.

माढ्याचा_मास्तर

जिल्हा परिषदेचा शिक्षक. आपल्या तालुक्यातल्या परितेवाडीच्या डिसले सरांचं नाव इथं यायलाच पाहिजे. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ, दहा लाख डॉलर, आणि त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकी नऊ शिक्षकांना वाटून टाकली. लोकांनी त्याचं कौतुक केलं पण मला त्याहून मोठी वाटते ती आधीची गोष्ट, पुस्तकातल्या धड्याला क्यूआर कोड लावून व्हिडिओ, कविता, प्रश्न जोडायचं काम त्यांनी सुरू केलं आणि पुढं राज्याच्या पुस्तकांत कोड आले. आपल्या वर्गापुरतं ठेवलं असतं तर एका शाळेचा निकाल सुधारला असता.

आता माझं गाऱ्हाणं. आमच्या शाळेत चांगल्या बाईंनी वर्षानुवर्षं टाईप केलेल्या स्वाध्यायांच्या फाईली आहेत, सगळ्या जुन्या विकतच्या मराठी फाँटात. तो फाँट ज्या कॉम्प्युटरवर होता तो बंद पडला. आता फाईल उघडली की 'कमल नमन कर'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि खुणांचा कचरा. बाई निवृत्त झाल्या, कष्ट गेले. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, फुकट मोकळे फाँट आहेत, तरी अजून छापखान्यात, ऑफिसात तेच जुनं चालू. होटगीरोडकर, म्हणून विचारतो, तुम्ही स्कॅन करून ठेवताय कशात? मागाचं जे विकतचं सॉफ्टवेअर असतं, डोंगल (कॉम्प्युटरला लावायची छोटी चावी) लावल्याशिवाय उघडत नाही ते, त्याच्या फॉर्मॅटमध्ये ठेवलंत तर वाळवी काय आणि हे काय.

होटगीरोडकर

मास्तर, स्कॅनची मूळ फाईल टिफमध्ये आणि त्यावरून चौकोन-चौकोन मोजून केलेली चित्राची फाईल पीएनजीमध्ये, एक चौकोन म्हणजे एक ठिपका, ठरलेले रंग. गिंप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, फुकट आहे, उद्या ते नसलं तरी दुसऱ्या कशातही उघडेल. टॉवेलच्या डॉबीच्या (साध्या छोट्या नक्षीच्या मागाच्या) बॉर्डरी वेगळ्या साध्या टेक्स्ट फाईलमध्ये, त्याला विफ नावाचा खुला फॉर्मॅट १९९० च्या दशकापासून आहे, नोटपॅडमध्ये सुद्धा वाचता येतो.

कांडीवाला दादा, तुमचं उत्तर देणं बाकी आहे ते विसरलो नाही. नवीन, चालू सीझनची डिझाईन्स आम्ही मागतच नाही. ती तुमची, तुम्ही नोंदवा, विका, पैसे मिळवा. आम्हाला हवीत ती जी आता कुणीच विणत नाही.

चौकटीकागद

मी आयुष्यभर ग्राफ काढले. पूर्व भागात. माझी भाषा तेलुगू, मराठी लिहिताना चूक होते, मुलगी टाईप करून देते आहे. तुम्ही सगळे शिकलेले लोक बोलताय म्हणून वाटलं आपण पण सांगावं.

चादरीवर कारखान्याचं नाव असतं. दुकानाचं असतं. आता जीआयचा शिक्का असतो. ग्राफ काढणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. मी काढलेला मयूरपंख मी लग्नात बघितला, रेल्वेत बघितला, दवाखान्यात पेशंटच्या अंगावर बघितला. कुणाला सांगितलं हे माझं आहे तर हसतील. पैसे मिळाले, ठरले तेवढे मिळाले, त्याबद्दल मालकाशी तक्रार नाही. आमच्यात डिझाईन एकमेकांचं बघून काढायचे, त्याला कुणी चोरी म्हणत नव्हतं, गुरूची वेल घ्यायची आणि आपलं फूल लावायचं, असंच शिकलो. माझ्या गुरूंनी मोराची मान कशी वळवायची ते दाखवलं, चौकटीत गोल रेघ बसत नाही, पायऱ्या पडतात, तर पायरी दोन-एक-दोन-एक अशी उतरवली की लांबून गोल दिसते. ते कुठल्या पुस्तकात नाही. तेवढं लिहून ठेवा. आणि गुरूंचं नाव पण घाला, माझं नाही घातलं तरी चालेल.

डेबियनकर

काका, तुमचं पण घालायचं आणि त्यांचं पण. आमच्याकडं गिट नावाचं साधन आहे, टोरवाल्ड्सनेच २००५ मध्ये लिहिलं, त्यात एका ओळीचा बदल केला तरी कुणी केला, कधी केला, कुणाच्या कामावर केला ही नोंद राहते. वीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या विद्यार्थ्याने दुरुस्त केलेला स्वल्पविराम त्याच्या नावावर आहे. मोठमोठ्या कंपन्यांचे इंजिनियर त्या नावांच्या पाया पडतात म्हणा हवं तर. आणि आमच्या सोलापुरातल्या मोराचा कर्ता कुणाला माहीत नाही. होटगीरोडकर, मी फाईली ठेवायची गिटची सगळी मांडणी करून देतो. प्रत्येक डिझाईनबरोबर एक वंशावळ ठेवू, मूळ ग्राफ कुणाचा, त्यावरून कुणी काय बदललं, कुठल्या कारखान्यात विणलं.

कांडीवाला

काकांचं वाचून रात्री वडिलांशी बोललो. ते म्हणाले आपल्या कपाटातले निम्मे ग्राफ काकांच्या पिढीचे आहेत, त्यावर आपण किती वर्षं कमावलं ते मोज आधी.

माझं म्हणणं असं, जुनं द्यायला आम्ही तयार आहोत. पण नुसतं लायसनवर माझा भरवसा नाही, ते बाहेरचा वाचत नाही हे डेबियनकरच म्हणाले. तर त्या प्रत्येक डिझाईनच्या पानावर दोन गोष्टी पाहिजेत. एक, मूळ चादर कशी होती, वजन किती, सूत किती काउंटचं (किती बारीक), ताण्याला किती धागे, म्हणजे गिऱ्हाईकाला अस्सल आणि नक्कल यातला फरक कळेल. दोन, आज सोलापुरात ती विणून कोण देतो. डिझाईन कुणीही घ्या, पण ज्याला चांगली चादर पाहिजे त्याला आमचा पत्ता सापडला पाहिजे. हे कराल तर मी स्वतः बाकीच्या मागवाल्यांना सांगतो. आणि जो आपल्यातला एखादं जुनं डिझाईन घेऊन नवीन रंगात काढेल त्यानं ते परत इथं टाकायचं, ही अट मला पहिल्यांदा पटत नव्हती, आता पटायली, कारण नाहीतर जो देईल तोच रिकामा होईल.

माळरान

याला म्हणतात नियम. खानदेशात फड पद्धत होती, पांझरेच्या, मोसमच्या काठानं, बंधाऱ्याचं पाणी सगळ्या गावाचं, पण पाणी सोडायला पाटकरी नेमलेला, कुणाच्या रानात कधी जाणार ते ठरलेलं, पाट साफ करायला सगळ्यांनी यायचं, नाही आला तर दंड. तीन-चारशे वर्षं चाललं ते. एलिनॉर ऑस्ट्रम बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते असल्याच गोष्टींच्या अभ्यासाला, की सामायिक रान, पाणी, लोकं आपले नियम करून नीट सांभाळतात, त्याला मालक किंवा सरकारच लागतं असं नाही. तुमच्या ग्राफला पाटकरी कोण ते नाव घालून ठरवा.

ग्रंथालयवाली

मी होते पाटकरी. प्राचार्यांशी बोलले, एक कपाट आणि एक कॉम्प्युटर मिळतोय, मूळ कागद पण नीट ठेवता येतील, आम्लरहित कागदात गुंडाळून, डांबरगोळ्या नकोत त्यात. दर सहा महिन्यांनी फाईली उघडून बघायच्या आणि दुसरी प्रत वेगळ्या जागी. माझ्यानंतर जी येईल तिच्या कामाच्या यादीत हे लिहून ठेवते.

कोर्टगल्ली

संमतीपत्राचा मसुदा मी करतो, एका पानाचा, सोप्या मराठीत. तेलुगू आणि कन्नडमध्ये पण पाहिजे, सह्या करणाऱ्यांना कळलं पाहिजे कशावर करतोय. कन्नड माझ्या घरी होईल. तेलुगूला कुणी आहे का? फुकट काम आहे, पण नाव लागेल.

चौकटीकागद

तेलुगू माझी मुलगी करेल. गुरूंचे ग्राफ त्यांच्या नातवाकडे आहेत, अशोक चौकाच्या पुढे, मी बोलतो त्यांच्याशी. ते कागद लांब आहेत, तुमच्या घरच्या छोट्या स्कॅनरवर बसणार नाहीत, आणि घडी मोडू नका, घडीवर रंग सुटतो.

होटगीरोडकर

काका, घडी अजिबात मोडणार नाही. वरून कॅमेरा लावून तुकड्या-तुकड्यात फोटो घेऊन नंतर जोडतो, काच न ठेवता. दोन्ही बाजूंनी सारखा उजेड लागेल, तेवढे दोन दिवे कुणाकडे असतील तर सांगा. रविवारी सकाळी दहाला काकांकडे, उन्हाच्या आत उरकू. कांडीवाला दादा, तुम्ही काउंट आणि वजनाचा तक्ता करून आणता का, म्हणजे पहिल्या डिझाईनच्या पानावर तोच घालू.

कांडीवाला

आणतो. आणि वडील पण येणार म्हणताहेत, जुन्या चादरीचा एक तुकडा आहे आमच्याकडं, धागे मोजायची भिंग घेऊन येतो, तिथंच मोजू.